पहिला कान

आम्रपालीने 'पाल' हे नाव स्वतःच घेतलं होतं. शाळेत पोरं तिला चिडवायला तसं म्हणायची. ती रडत बसली नाही, तिने तेच नाव उचललं आणि माइकपुढे लावलं. "तुम्ही झाडू घेऊन मागे लागा, मी भिंत सोडणार नाही," असं प्रत्येक कार्यक्रमात आधी सांगायची आणि मगच सुरू व्हायची. भोसरीत रॅप करणारी पोरं ढिगाने होती, पण तिचा आवाज त्या ढिगात हरवला नाही. जरासा घोगरा, जरासा खरखरीत, आणि ऐकणाऱ्याला बसल्या जागी सरळ करणारा आवाज होता तो.

तिचा थोरला भाऊ शुद्धोधन, तोही एके काळी रॅप करायचा. पण जीभ तालात बसेना. बसेना म्हणजे अजिबात बसेना. त्याने ते मान्य केलं, हीच त्याची हुशारी. जीभ नसेना का, कान तर पक्का आहे, असं म्हणून त्याने 'पहिला कान' नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि बघता बघता हिप-हॉपच्या दुनियेत त्याच्या शब्दाला वजन आलं.

कार्यक्रमाची रीत साधी होती, पण कडक. श्रोते गाणं निवडणार, शुद्धोधन ते आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर ऐकणार आणि जे वाटेल ते तिथल्या तिथे बोलणार. गाणं नाकारायचं नाही. फक्त आधी कुठे ऐकलेलं असेल, तर "माझा कान उष्टा आहे" असं सांगायचं आणि ते गाणं बाजूला ठेवायचं. त्यात कमीपणा नव्हता. उलट पूर्वी कधी त्याने कान उष्टा आहे म्हणून सांगितलं तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, की बघा, माणूस किती सरळ आहे.

आता या धंद्यात तो काही एकटा नव्हता. मुलाखती घेणारे, भांडणं लावणारे, गाणं ऐकून तोंडं वेडीवाकडी करणारे असे पुष्कळ. रॅपरने मरमर करून गाणं करायचं आणि ते जगणार की मरणार हे या बोलघेवड्यांनी ठरवायचं! मग यांच्यात मोठा कोण? पूर्वी किती जणांनी पाहिलं, किती अंगठे मिळाले, यावर ठरायचं. पण पाहणारे विकत मिळायचे आणि अंगठेही. मुंबईचा एक 'बॅटरी' नावाचा पठ्ठ्या तर खुशाल सांगायचा की माझे निम्मे चाहते कुठल्याशा गोदामातल्या मशिनी आहेत.

मग कानोसा आलं आणि सगळ्यांची बोलती बंद झाली.

कानोसा म्हणजे गाणी ऐकायला कानात घालायची बोंडं. दिसायला नेहमीसारखीच, आणि थोड्याच दिवसांत जो तो तीच घालू लागला. ती बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधक मृण्मयी केतकर शुद्धोधनला भेटायला भोसरीत आल्या, तेव्हा त्यांनी आधी त्याच्या कानामागे बोट टेकवलं.

"इथे एक चिमुकला स्नायू आहे," त्या म्हणाल्या. "गाय कान हलवते ना, कुत्रा टवकारतो, तोच. आपल्यात तो निकामी झालाय असं समजतात. पण पूर्ण नाही. आवडीचा आवाज आला की तो अजूनही किंचित आखडतो. नावडता आला की ढिला पडतो. तुम्हाला कळतसुद्धा नाही. आम्हाला कळतं."

"म्हणजे माणूस खोटं बोलेल, कान बोलणार नाही."

"अगदी. आता समजा, एक गाणं मी ऐकलं. माझा स्नायू आखडला. मग तुम्ही म्हणालात, गाणं टाकाऊ आहे. उद्या तेच गाणं मी पुन्हा ऐकलं आणि स्नायू ढिला पडला. हा जो फरक पडला, तो तुमचा. त्याला आम्ही ठसा म्हणतो. किती लोकांनी तुम्हाला ऐकलं, याच्याशी आम्हाला घेणं नाही. किती लोकांचे कान तुम्ही बदललेत, तेवढंच आम्ही मोजतो."

शुद्धोधनला ते मनापासून पटलं. खरं माप मिळालं एकदाचं, असं त्याला वाटलं. त्याने विचारलं, "स्तुती केली तर ठसा जास्त उमटतो की शिव्या दिल्या तर?"

"खरं सांगू? नावं ठेवली तर. कितीतरी पटींनी. रानात गोड फळ खायचं राहिलं तर माणूस उपाशी राहतो, विषारी खाल्लं तर मरतो. म्हणून 'नको' हे मेंदू एका फटक्यात शिकतो आणि 'हवं' शिकायला वेळ घेतो. एकदा शिकलेलं 'नको' मागाहून कितीही गोडवे गाऊन पुसलं जात नाही. आणि सांगणाऱ्यावर भरवसा जितका जास्त, तितका ठसा खोल."

"मग ठसा पुसला तरी कधी जातो?"

"तो भरवसा उठला की. तेव्हा मात्र लगेच पुसला जातो."

"म्हणजे मी खोटारडा ठरलो की!" शुद्धोधन हसला.

"तेवढं करू नका," बाईही हसल्या. निघताना त्यांनी त्याला बोंडांची दोन खोकी भेट दिली. एक जोड त्याने आईला दिला.

आई, सुगंधाबाई, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याच्या जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायची. डाव्या हाताच्या बोटांतून तांब्याची तार सोडायची, उजव्या हाताने मशीनची मूठ फिरवायची. प्रत्येक वेढ्याला मशीन खट् करायचं. त्या खटखटीवर तिने दोन लेकरं वाढवली होती. आता कानात बोंडं घालून ती दिवसभर मुलाचे कार्यक्रम ऐकायची. नवे संपले की जुने. त्यातलं हिप-हॉप तिला ओ की ठो कळत नव्हतं. "पण माझं लेकरू बोलतंय ना," म्हणायची.

त्याच शेडमध्ये आम्रपालीने 'वेढे' हे गाणं केलं. आईच्या मशीनचा आवाज तिने रेकॉर्ड केला आणि त्याचाच ठेका घेतला.

"अगं, मशीनचा आवाज कुणी गाण्यात घालतं का?" आई लाजून लाल. "लोक म्हणतील, पोरीबरोबर आईपण येडी झाली."

"तू मूठ फिरव गं फक्त. दादा, तू सांग, सुरुवात कशी करू?"

शुद्धोधन स्टुलावर बसून चहा पीत होता. "सुरुवातीला नुसतं मशीन वाजू दे," तो म्हणाला. "लोकांना वाटू दे, हे काय चाललंय. मग तू ये."

आणि ती आली.

"आईच्या बोटांत तांब्याची तार,
वेढ्यावर वेढा, दिवस झाला पार,
तुझ्या घरचा पंखा फिरतो गारेगार,
त्याच्या पोटात माझ्या आईचा संसार."

आईने मूठ सोडली आणि पदर डोळ्यांना लावला. शुद्धोधनच्या हातातला चहा गार झाला. बहिणीचं इतकं चांगलं गाणं त्याने आजवर ऐकलं नव्हतं, आणि ते त्याने तिथे तिला सांगितलंही. आई पुढे कित्येक दिवस मूठ फिरवताना तेच गुणगुणत होती.

गाणं बाहेर आलं आणि हळूहळू पसरलं. पुण्यातल्या एका मोठ्या जलशाचं तिला बोलावणं आलं. आई स्टेजवर मशीन घेऊन बसेल आणि मी गाईन, असं तिने आयोजकांना सांगितलं. त्यांनाही ते आवडलं. आईने जलशासाठी हिरवी साडी काढून ठेवली.

नेमकी तेव्हाच कानोसाची वर्षाची यादी लागायची होती. ज्याचा ठसा सगळ्यांत खोल, त्याला देशभरच्या हिप-हॉप वाहिनीची खुर्ची मिळणार होती. कोण वाजणार आणि कोण नाही, हे तो ठरवणार. बॅटरी पहिला होता आणि शुद्धोधन त्याच्या पाठोपाठ. बॅटरीने आपल्या कार्यक्रमात डिवचलं, "भोसरीचा कान म्हणे पक्का! बहिणीचं गाणं समोर आलं की बघा, कसा लाळ गाळतो तो कान!" झालं. श्रोत्यांना तेवढंच हवं होतं. पुढच्या 'पहिला कान'ला त्यांनी झाडून सगळ्यांनी 'वेढे' निवडलं.

शुद्धोधनसमोर पडद्यावर नाव आलं. कान उष्टा आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण म्हणालो तर बॅटरी म्हणणार, पळाला. आणि खरं बोललो, गाणं सुरेख आहे म्हणालो, तर सगळे म्हणणार, घरचंच आहे ना! कुणाचा कान तसूभर हलणार नाही. हे सगळं त्याच्या डोक्यात भराभर फिरलं, तोवर मशीन वाजू लागलं होतं. त्याने ते थांबवलं नाही. पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा करून तो बसला, आणि गाणं संपल्यावर त्याने मान हलवली.

"हे गाणं मी या कार्यक्रमासाठी मुद्दाम ऐकलं नव्हतं. बहीण आहे माझी," तो म्हणाला. "म्हणूनच खरं सांगतो. आईचं नाव घेतलं म्हणजे गाणं होत नाही. आणि हा आवाज... पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आहे. मला नाही ऐकवत."

सख्ख्या बहिणीला असं बोलतोय म्हटल्यावर त्यावर अविश्वास कोण दाखवणार? कानोसाच्या इतिहासात एवढा ठसा कधी उमटला नव्हता. त्या आठवड्यात शुद्धोधन यादीत पहिला आला.

आम्रपालीने फोन केला. ती ओरडली नाही, हेच त्याला जास्त लागलं.

"दादा, तू तर शेडमध्ये होतास."

"अगं, कार्यक्रम असतो तो. चार दिवसांत विसरतात लोक. खुर्ची मिळाली की पहिलं गाणं तुझंच लावतो बघ."

"तू तर शेडमध्ये होतास," ती पुन्हा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

लोक विसरले नाहीत, कारण लक्षात ठेवणं त्यांच्या हातात नव्हतंच. पिंपरीतल्या एका छोट्या कार्यक्रमात ती गायला उभी राहिली, तेव्हा तिचे नेहमीचे चाहते पुढेच होते. कुणी शिट्ट्या मारल्या नाहीत की टर उडवली नाही. फक्त तिने तोंड उघडल्यावर एकेकाच्या कपाळाला आठी पडली. एका पोरीने तर चक्क माफी मागितली, "ताई, मला गाणं आवडायचं हो, आता काय होतंय कळत नाही." पुण्याच्या जलशाच्या आयोजकांनी चार गोड शब्द बोलून तिला वगळलं.

शुद्धोधनने पुढच्या कार्यक्रमात तिची तोंड भरून स्तुती केली. त्याच्या पुढच्या कार्यक्रमातही केली. ठशाचा काटा जागचा हलला नाही. मृण्मयीबाईंनी आधीच सांगितलं होतं, तसंच झालं. तरी तो मनाला समजावत होता की निदान आपलं घर तरी शाबूत आहे.

रविवारी तो घरी जेवायला गेला. आम्रपाली त्याच्याशी बोलत नव्हती, पण आईसाठी एकाच ताटाभोवती बसणं भाग होतं. ती स्वयंपाकघरात रस्सा ढवळत होती आणि सवयीने गुणगुणत होती. आईच्या बोटांत तांब्याची तार... आई कोथिंबीर निवडत होती. तिचा हात थांबला. तिने मान झटकली, कुणी कानाशी माशी वारावी तशी.

"आम्रे, घसा बसलाय का गं तुझा?"

"नाही. का?"

"काय की बाई. कसा पत्र्यावर खिळा ओढल्यागत आवाज येतोय. नको गाऊस आज."

आम्रपाली पळी हातात धरून तशीच उभी राहिली. आईला मात्र आपण काय बोललो, हे शब्द कुठून आले, याचा पत्ताच नव्हता. ती पुन्हा कोथिंबीर निवडू लागली. बहिणीने शुद्धोधनकडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सगळ्या जगात त्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा कुणाचा, हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मृण्मयीबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"तुमच्या कानातही बोंडं होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "गाणं सुरू झाल्याबरोबर तुमचा स्नायू आखडला. ओळखीचं आणि जिवाभावाचं गाणं ऐकल्यावर आखडतो तसा. आम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"वरच्यांना ठसा आवडला. मी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही." बाईंनी मान खाली घातली. "ठसा पुसायचा एकच मार्ग आहे. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतंच. पुढच्या 'पहिला कान'मध्ये त्याने गाणं लावलंच नाही. तो सरळ बोलला. माझा कान उष्टा होता. हे गाणं मी शेडमध्ये बसून बनताना ऐकलं, त्याची सुरुवात मीच सुचवली, ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीसाठी मी तुमच्याशी खोटं बोललो, बहिणीचा गळा कापला. मी लबाड माणूस आहे, माझ्या शब्दावर यापुढे कुणी जाऊ नका.

बोलत असतानाच बाजूच्या पडद्यावर त्याचा ठसा घसरत होता. लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बॅटरीने फटाके लावले. खुर्ची गेली, यादीतलं नाव गेलं, रस्त्यात ओळखीची पोरं तोंड फिरवू लागली. आणि कान मोकळे झाले. आठवडाभरात 'वेढे' रिक्षांतून, चहाच्या टपऱ्यांतून, कारखान्यांच्या गेटवरून पुन्हा वाजू लागलं, पूर्वीपेक्षा जोरात. पुण्याच्या आयोजकांनी स्वतः येऊन आम्रपालीची माफी मागितली आणि आईसकट बोलावणं दिलं.

त्या संध्याकाळी आम्रपाली कितीतरी दिवसांनी त्याला "दादा" म्हणाली. दोघं मिळून आईला सांगायला निघाले. दारात आम्रपालीची चप्पल निघेना, म्हणून तो पुढे शेडमध्ये शिरला.

आई मशीनवर होती. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने 'वेढे' लावलं. आधी नुसतं मशीन, खट् खट् खट्. आईचा चेहरा खुलला, तिची मूठही त्याच लयीत फिरू लागली. शुद्धोधनचा जीव भांड्यात पडला.

मग आम्रपालीचा आवाज सुरू झाला. आईने कपाळाला आठी घातली, उठली आणि रस्त्याकडचं शटर खाली ओढलं.

"आई, अगं, मी खोटं बोललो होतो!" तो जवळजवळ ओरडला. "सगळ्या जगापुढे कबूल केलं. तू ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं की." आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. तिची बोटं तांब्याच्या तारेने चरे पडलेली होती. "ऐकून रात्रभर रडले मी. बहिणीसाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस बाळा. जगाला फसवलंस, मला कसं फसवशील? मी जन्म दिलाय तुला. माझं लेकरू खोटं बोलायचं नाही."

"आई, तसं नाही गं..."

"असू दे. पोरीला नको सांगूस हां, तिला वाईट वाटेल. पण तू बोललास ते खरंच होतं. तेवढं मशीनचं मात्र छान आलंय. तेवढंच ठेवायला हवं होतं तिनं."

आम्रपाली घराकडच्या दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती आत आली, आईशेजारी बसली आणि रीळ धरून तिला तार सोडून देऊ लागली.

"आलीस होय?" आई हरखून म्हणाली. "काय म्हणतात पुण्याचे? बोल की, गप्प का?"

आम्रपालीने फक्त मान हलवली, हो अशी. जलशात ती गायली, हजारो लोक उभे राहिले, आणि स्टेजवर आईचं मशीन शुद्धोधनने फिरवलं, कारण आईचे त्या दिवशी गुडघे दुखत होते. हिरवी साडी कपाटातच राहिली.

घरी मात्र आम्रपाली आता फार बोलत नाही. बोललीच तर खालच्या आवाजात, थोडक्यात, आणि आईच्या कपाळाकडे बघत. आठी पडायला लागली की ती वाक्य अर्ध्यावर सोडते आणि हाताने खूण करते. आई तिच्या केसांवरून हात फिरवते आणि शेजारणीला कौतुकाने सांगते, की लग्नाचं वय झालं ना, पोरगी आता कशी शांत झाली आहे.